सातमजली पॅगोडा आणि पोटॅटो सॅलड

प्रवासाचा प्लॅन करावा तर शोभनानं, असं आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातली निम्मी मराठी मंडळी म्हणतात. उरलेली निम्मी अजून माझ्यासोबत कुठं गेलेली नाहीत.

कुणाचे आईवडील भारतातून आले, की पहिला फोन मला येतो. मग मी सांगते, कुठल्या एक्झिटला रेस्टरूम स्वच्छ आहे, कुठल्या मोटेलमध्ये लिफ्ट आहे, आणि कुठं गाडी थांबवली तर सासऱ्यांना बऱ्यापैकी चहा मिळून पुढचे दोन तास शांततेत जातील. ऑफिसात मी सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट सांभाळते, त्यामुळे माझी ट्रिपही प्रोजेक्टसारखी असते. माझा नवरा रवी गाडी चालवतो आणि "हं" म्हणतो. याहून जास्त काही त्याच्याकडून मी मागतही नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या. नाव सुमित्राबाई, उत्तर नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे पन्नाशीतले विद्यार्थी अजूनही त्यांना रस्त्यात पाहिलं की स्कूटरवरून खाली उतरतात. अशी बाई आमच्या टाउनहाउसच्या खिडकीत बसून समोरचा रिकामा रस्ता पाहायची. एका दुपारी मला म्हणाल्या, "शोभना, इथं माणसं राहतात ना?"

"राहतात हो आई. सगळी कामाला गेलीत."

"सगळीच?"

आईंचा स्वभाव मागण्याचा नाही. भाजी अळणी झाली तरी त्या मीठ मागत नाहीत, मिठाकडे पाहतात. त्यामुळे जूनच्या शेवटी त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "इथं एखादं विहार असेल का गं?", तेव्हा मी कप खालीच ठेवला. आम्ही बौद्ध. नागपूरच्या घरी आईंची एक पौर्णिमा चुकत नाही, आणि इथं येऊन त्यांच्या तीन पौर्णिमा खिडकीत गेल्या होत्या.

"मोठं नसलं तरी चालते," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "म्हणजे काय आहे, आमच्या उपासिका संघानं एक चीवर दिलं आहे माझ्यासोबत. अमेरिकेतल्या भंतेजींना दान द्यायला. अहिल्याबाईंनी सगळ्याजणींकडून हात लावून घेतला त्याला. ते बॅगेतच आहे अजून."

आल्यापासून भिक्खूंच्या त्या भगव्या वस्त्राची घडी बॅगेच्या तळाशी होती आणि त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी प्लॅन करते.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि अर्ध्या तासात मला तो सापडला. पेनसिल्व्हेनियात, एका जुन्या गावाच्या वर, डोंगराच्या माथ्यावर सातमजली पॅगोडा. लालभडक, कौलांचे कोपरे वर वळलेले, खाली दरी, मागे ढग. मी फोटो आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हे अमेरिकेत आहे?"

"हो."

"एवढं मोठं?"

"अमेरिकेत सगळं मोठंच असतं, आई," मी अशा सुरात म्हणाले, जणू तो मीच बांधून घेतला होता.

फोटोच्या खाली काही मजकूर होता. तो मी वाचला नाही. पत्ता मिळाल्यावर मजकूर कशाला वाचायचा?

तर आषाढी पौर्णिमा धरून ट्रिप ठरली. आधी फिलाडेल्फिया, म्हणजे ऐतिहासिक शहर, मग पॅगोडा. आठवड्याच्या शेवटी मराठी मंडळाच्या पिकनिकला मी हे जाहीर केलं. जरा मोठ्यानंच केलं असावं, कारण पलीकडच्या टेबलावरून उल्हासकाका प्लेट घेऊन उठून आले. "फिलाडेल्फिया? मग मला यावंच लागेल. तुम्हाला तिथलं कोण समजावून सांगणार?"

उल्हासकाका मूळ पुण्याचे, सत्तरच्या सुमाराला अमेरिकेत आले, ॲनेस्थेशियाचे डॉक्टर होते. आयुष्यभर त्यांनी माणसांना झोपवलं आणि निवृत्तीनंतरही ते काम सुटलेलं नाही. आता ते इतिहास सांगतात. कांचनकाकू मात्र गोड बाई. त्यांचा एकच दोष, त्यांना खोटं बोलता येत नाही. एका डोहाळजेवणात त्यांना "जेवण कसं झालं?" असं विचारलं होतं. त्या घराशी त्यांचं येणंजाणं अजून सुरू झालेलं नाही.

अशी आमची मिनीव्हॅन निघाली. रवी ड्राइव्ह करत होता, मी शेजारी नकाशांचे प्रिंटआउट घेऊन, मध्ये आई आणि काकू, मागे काका आणि अमेरिकेचा इतिहास. इंडियाना संपेपर्यंत काका स्वातंत्र्ययुद्धापर्यंत पोचले. ओहायोत काकू झोपल्या. आई झोपल्या नाहीत. शिक्षिका असल्यानं समोरचा बोलत असताना झोपणं त्यांना जमत नाही. त्या मधूनमधून "असं?" म्हणत होत्या आणि प्रत्येक "असं?" मागे काका आणखी दहा मैल बोलत होते.

फिलाडेल्फियात सगळं माझ्या प्लॅनप्रमाणे झालं, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण नंतर तसं काही झालं नाही. ती प्रसिद्ध तडकलेली घंटा पाहायला आम्ही रांगेत उभे राहिलो. काकांनी घंटेचा इतिहास इतक्या तपशिलात सांगितला की पुढचं गुजराती कुटुंब मागे वळून ऐकू लागलं. आईंनी घंटेभोवती एक शांत फेरी मारली.

"आमच्या शाळेची घंटा फुटली, तर हेडसरांनी दुसऱ्याच दिवशी बदलली," त्या म्हणाल्या. "यांनी सांभाळून ठेवली. चांगलं केलं."

बाहेर विटांच्या फुटपाथवर जुन्या काळचा कोट आणि पांढरे पायमोजे घातलेला एक माणूस टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करत होता. आई थबकल्या. "हे कोण?"

"पाहुण्यांसाठी वेष घालून उभे राहतात. पगार मिळतो त्याचा."

"म्हणजे खरे नाहीत." आईंनी जरा विचार केला. "उद्याचं तसं नाही ना काही?"

"छे हो आई. उद्याचं अस्सल आहे."

पौर्णिमेच्या सकाळी मोटेलच्या खोलीत कांचनकाकूंच्या राइस कुकरमध्ये आईंनी खीर शिजवली. वेलदोड्याचा वास कॉरिडॉरमध्ये इतका पसरला की शेजारच्या खोलीतला ट्रक ड्रायव्हर दार उघडून हवा हुंगत उभा राहिला. खीर थर्मासमध्ये भरली. आईंनी पांढरं पातळ नेसलं, केस घट्ट बांधले, आणि चीवराची घडी दोन्ही हातांवर घेऊन गाडीत बसल्या. तासाभराच्या प्रवासात ती घडी त्यांनी मांडीवरही टेकवली नाही. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, शोभना, हे तू करून दाखवलंस.

गाव मागे टाकून गाडी डोंगर चढायला लागली. वळणावर झाडं बाजूला झाली आणि तो दिसला. फोटोत होता त्याहून सुंदर होता. लाल, सातही मजले उन्हात झगमगणारे. आईंनी बसल्या जागीच डोकं वाकवलं. रवीसुद्धा "हं"च्या पुढं जाऊन "वा" म्हणाला.

पार्किंगमध्ये बऱ्याच गाड्या होत्या. पौर्णिमेची गर्दी, मी म्हणाले. मी दार उघडून आईंना उतरवलं आणि थर्मास, फुलं, उदबत्त्या काढायला गाडीच्या मागे गेले. तेवढ्यात काका एका लोखंडी पाटीपुढे उभे राहून ती मोठ्यानं वाचायला लागले. काकांना पाटी दिसली की ती वाचावीच लागते.

"शोभना, हे हॉटेल आहे."

"काय?"

"हॉटेल म्हणून बांधलं होतं. इथल्या एका उद्योगपतीनं, शंभर वर्षांपूर्वी. हॉटेल चाललं नाही म्हणून गावाला देऊन टाकलं. बुद्धाचा काहीही संबंध नाही, स्वच्छ लिहिलंय."

"काका, हळू बोला."

"अगं, इतिहास आहे तो."

मी वळून पाहिलं तर आई जागेवर नव्हत्या. थर्मास मात्र त्यांनी माझ्या हातातून कधी घेतला ते मला कळलंही नव्हतं. पांढरं पातळ पॅगोड्याच्या पायऱ्या चढत होतं. आणि पायऱ्यांच्या वर, दारात, एक माणूस उभा होता.

आता तुम्हीच सांगा. डोकं पूर्ण तुळतुळीत. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत भगवं वस्त्र. पायांत साध्या सपाता. चेहऱ्यावर प्रसन्न हसू. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, स्टीलचं मोठं पात्र.

मी धावले. पायऱ्या चढताना मला बाकीच्या गोष्टी एकेक करून दिसत गेल्या. भगवं वस्त्र म्हणजे एप्रन होता आणि त्यावर गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचं नाव छापलेलं होतं. बाजूला ग्रिल पेटलेली होती, तिच्यावर हॉट डॉग लोळत होते, आणि तसलेच एप्रन घातलेली आणखी माणसं लांब टेबलांवर कागदी प्लेटा मांडत होती. त्या दिवशी दलाचं वार्षिक जेवण होतं. हातातल्या पात्रात पोटॅटो सॅलड होतं.

मी पोचेपर्यंत आईंनी थर्मासचं झाकण उघडून खीर त्या पोटॅटो सॅलडवर ओतली होती.

मग त्यांनी थर्मास खाली ठेवला, गुडघे टेकले आणि त्या माणसाला पंचांग प्रणाम केला. ग्रिलपाशी कुणाच्या तरी चिमट्यातून हॉट डॉग खाली पडला.

तो माणूस हलला नाही. मोठ्या अंगाचा, साठीच्या पुढचा, अतिशय सभ्य माणूस असणार. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कुणी असा नमस्कार केला होता आणि हातात सॅलड असल्यामुळे त्याला काही करताही येत नव्हतं. त्यानं फक्त मान झुकवली. नेमकी भंतेजी झुकवतात तेवढीच.

आई उठल्या, चीवराची घडी त्याच्या हातांवर, पात्राच्या वर ठेवली, आणि समाधानानं माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "किती साधे आहेत गं," त्या म्हणाल्या.

याच वेळी मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा मी इतके महिने तसा पाहिला नव्हता. आणि फोटो मीच दाखवला होता. तेव्हा मी म्हणाले, "हो ना आई. इथले भंते फार साधे असतात."

"हे टेबलं?"

"भोजनदान आहे आज. पौर्णिमेचं."

"आणि ते काय भाजून राहिले?"

"ते... ज्याला जे दान मिळेल ते घ्यावं लागतं ना."

आईंनी समजून मान हलवली. "त्यांना विचार, वर्षावासाचा मुक्काम इथंच का?"

मी त्या माणसाकडे वळून इंग्रजीत विचारलं, की तुम्ही इथंच राहता का. "नाही मॅडम," तो म्हणाला. "मी वॉल्टर. मी खाली गावात राहतो, माझ्या टायरच्या दुकानामागे. मी आणि माझी बायको डोना."

"म्हणतात, खाली राहतात," मी आईंना सांगितलं. "एकांतात."

"किती वर्षं झाली?"

मी विचारलं. वॉल्टर म्हणाला, "येत्या सप्टेंबरात चाळीस."

"चाळीस वर्षं झाली, आई."

"चाळीस वर्षं!" आईंनी परत हात जोडले. "महाथेर आहेत म्हणजे."

तोवर काकू आणि काका पायऱ्या चढून वर आले होते. मी काकूंकडे डोळ्यांनी विनवणी केली. काकूंनी ती पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर खूप दुःख उमटलं. काही क्षण त्यांनी स्वतःशी झगडा केला, खरंच केला, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "सुमित्राताई, यांना बायको आहे. लग्नाला चाळीस वर्षं झालीत."

आईंनी वॉल्टरकडे पाहिलं, एप्रनवरची अक्षरं ओठ हलवत वाचली, ग्रिलकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. वर्गात शेवटच्या बाकावरचा गोंधळ असा पाहिला जात असावा. त्या पायरीवर बसल्या.

"आता काय ते नीट सांग."

मी सांगितलं. फोटो पाहिला होता आणि खालचं वाचलं नव्हतं, एवढंच तर होतं. सांगायला फार वेळ लागला नाही.

आई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दरीकडे पाहत म्हणाल्या, "फोटो चांगला होता बापा." मग पुढं असं झालं, की मी पदराशिवाय रडले, म्हणजे जीन्स आणि कुर्त्यात पदर नसतो म्हणून बाहीला डोळे पुसले. काका पहिल्यांदाच काही सांगत नव्हते.

तेव्हा रवी पुढं झाला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण इतकी सलग वाक्यं मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. त्यानं वॉल्टरला साध्या इंग्रजीत सांगितलं, की ही माझी आई आहे, ती नागपूरहून आली आहे, तिला हे मंदिर वाटलं आणि तुम्ही भिक्खू वाटलात. हे कापड तिच्या मैत्रिणींनी भिक्खूंसाठी दिलेलं आहे. आम्हाला माफ करा, तुमचं सॅलडही खराब झालं.

वॉल्टरनं सॅलड टेबलावर ठेवलं. हाताशी होता तो चमचा उचलून थोडं खाल्लं, वेलदोडा, बटाटा, मेयॉनीज आणि खीर. जरा वेळ चावत राहिला. "मॅडम," तो आईंना म्हणाला, "डोनाच्यापेक्षा चांगलं आहे. पण तिला सांगू नका."

रवीनं भाषांतर केलं. आईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मग वॉल्टरनं चीवराची घडी दोन्ही हातांनी पुढं केली. आईंनी मान हलवली आणि स्वतःच्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत, म्हणाल्या, "नो. गिव्हन इज गिव्हन."

"पण मी काय करू याचं?" वॉल्टर गोंधळला. घडीकडे पाहत राहिला. आणि मग त्यानं कपाळाला हात लावला. "थांबा. हा रंग मी पाहिलाय. असे कपडे घालणारी माणसं आहेत की इथं. माझ्या दुकानापासून जवळच. गेल्या हिवाळ्यात त्यांची घर गरम ठेवायची भट्टी बंद पडली होती, मीच तर दुरुस्त केली."

"कुठली माणसं?" मी विचारलं. मला अजूनही धडा मिळाला नव्हता. मी पर्समधून नकाशा काढत होते. "पत्ता काय आहे? मी दहा मिनिटांत रूट काढते."

"पत्ता नाही माहीत. घर माहीत आहे. माझ्या मागं या." त्यानं ग्रिल दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि पिकअप ट्रककडे निघाला.

आई उठल्या, पातळ सारखं केलं, आणि आमच्या मिनीव्हॅनसमोरून चालत जाऊन वॉल्टरच्या पिकअपपाशी उभ्या राहिल्या. त्यानं दार उघडलं. पायरी उंच होती म्हणून एक दुधाचा क्रेट ठेवला. त्यावरून त्या चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"आई, आपली गाडी इकडे आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," आई म्हणाल्या. "पण यांना रस्ता माहीत आहे."

ते घर मी एकटीनं कधीच शोधलं नसतं. टायरचं दुकान, त्यापुढे धुलाईची यंत्रं असलेलं लाँड्रोमॅट, आणि मग एक साधं, फिकट पिवळं, बैठं घर. ना कळस, ना कमान. फक्त पोर्चवर चपलांचा हा ढीग, आणि अंगणात खुर्च्यांवर रंगीत झेंडे. पंचरंगी धम्मध्वज आईंनी पिकअपमधूनच ओळखला. मी गाडी थांबायच्या आत दार उघडलं, तरी त्या माझ्याआधी पोर्चवर होत्या.

आत कंबोडियाची माणसं होती. या गावात ती वीसपंचवीस वर्षांपासून राहतात, हे मला नंतर कळलं. लढाईतून, छावण्यांतून निसटून आलेली. बैठकीच्या खोलीत भिंत पाडून मोठी जागा केलेली, समोर सोनेरी बुद्धमूर्ती, मूर्तीमागं लुकलुकणाऱ्या दिव्यांचं चक्र. तीन भंते बसले होते, खरे. जमिनीवर चटयांवर पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बायका. सगळ्यांनी माना वळवल्या आणि आमच्याकडे पाहिलं. दारात पांढरं पातळ नेसलेली एक बाई, मागं आम्ही चौघे, आणि त्यामागं हातावर भगवी घडी घेतलेला अग्निशमन दलाचा वॉल्टर.

कुणाला कुणाची भाषा येईना. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी, डोक्याचं मुंडण केलेलं, तोंडात मोजकेच दात, आईंचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. भंतेंनी सुरुवात केली. सगळ्या बायका म्हणू लागल्या. पहिल्या दोन शब्दांना मला काही समजलं नाही. चाल वेगळी, उच्चार वेगळे, जड, नाकातले. तिसऱ्या शब्दाला आईंची मान वर झाली. चौथ्याला त्यांचा आवाज निघाला.

पालीतलं त्रिसरण होतं. आई लहानपणापासून म्हणतात तेच.

मी उत्तर नागपुरातल्या विहारात आईंना कितीदा म्हणताना ऐकलं असेल. पण त्या दिवशी त्या पेनसिल्व्हेनियातल्या टायरच्या दुकानाजवळ कंबोडियन बायकांच्या रांगेत बसून म्हणत होत्या, आणि एकही शब्द चुकत नव्हता. खिडकीत बसून रिकामा रस्ता पाहणारी बाई ती नव्हतीच. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. मी रवीकडे पाहिलं. त्यानं हात जोडले होते. मला इतका अभिमान वाटला, की तो माझ्या नेहमीच्या अभिमानापेक्षा वेगळा आहे हे मलाही कळलं. त्यात माझं काही नव्हतं.

पंचशील झालं आणि भांडण सुरू झालं.

म्हणजे भांडण नाही. आई शिक्षिका. शेजारच्या आजींचा "नमो" त्यांना पसंत पडेना. त्यांनी आजींच्या हातावर हळूच थोपटून स्वच्छ उच्चार करून दाखवला, "न-मो." आजींनी ऐकून घेतलं, बोट वर केलं, आणि आपला उच्चार करून दाखवला, त्याहून सावकाश. आईंनी मान हलवली. आजींनी मान हलवली. आईंनी परत म्हटलं. आजींनी मागच्या दोघींना साक्षीला बोलावलं. शेवटी तरुण भंते, त्यांना इंग्रजी येत होतं, हसू दाबत म्हणाले, "दोघीही बरोबर आहेत." दोघींनाही ते पटलं नाही, एवढं त्यांच्या चेहऱ्यांवरून मला समजलं. पण दोघींनी एकमेकींचे हात सोडले नव्हते.

भंतेंनी विचारलं, कुठून आलात. रवीनं सांगितलं, इंडिया. भंतेंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि खोलीत एक हुंकार फिरला. बायका एकेक करून पुढं आल्या. त्यांनी आईंच्या हातांना, खांद्याला स्पर्श केला. कुणी त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला.

"काय करून राहिल्या या?" आई घाबरल्या.

"तुम्ही बुद्धांच्या देशातून आलात म्हणून," रवी म्हणाला.

"अरे, त्यांना सांग, आपलं नागपूर तिकडून फार लांब आहे."

रवीनं ते सांगितलं नाही. मीही नाही. कांचनकाकूंनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

राहिलं चीवर. ते अजून वॉल्टरच्या हातात होतं. आईंनी त्याला खुणेनं पुढं बोलावलं, चटईवर बसवलं, हात कसे धरायचे ते दाखवलं. घडी त्याच्या हातांत, त्याच्या मनगटाखाली आईंचे हात, आईंच्या कोपराला आजींचा हात. असं ते भंतेंच्या पुढं ठेवलं गेलं. भंतेंनी वॉल्टरला, डोनाला, आईंना आणि नागपूरच्या सगळ्या उपासिकांना मंगलकामना दिल्या. वॉल्टर एप्रन काढायचं विसरला होता. भंतेंपेक्षा तोच जास्त भगवा दिसत होता.

नंतर जेवण झालं. भात, मासळी, आंब्याच्या फोडी. उल्हासकाका एवढा वेळ मांडी घालून बसले होते, ते उठायच्या वेळी उठलेच नाहीत. गुडघ्यांनी नकार दिला. दोन कंबोडियन आजींनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा ते म्हणाले, "या लोकांचा इतिहास मला माहीत नव्हता, शोभना." मग परतीच्या वाटेवर ओहायोपर्यंत त्यांनी एकही व्याख्यान दिलं नाही. आम्हाला काळजी वाटून आम्ही त्यांना दोनदा पाणी विचारलं.

घरी पोचल्यावर आईंनी आंघोळ केली आणि नागपूरला फोन लावायला सांगितला. मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले, फोन स्पीकरवर टाकला आणि शेजारी बसले. अहिल्याबाईंच्या घरी सगळा उपासिका संघ जमला असावा, कारण "जय भीम" एकदम पाचसहा आवाजांत आलं.

आईंनी सगळं सांगितलं. सोनेरी मूर्ती, लुकलुकणारे दिवे, आजींचा चुकीचा उच्चार, चीवर कसं दिलं. तिकडे बायका मध्येमध्ये नुसत्या "बाई गं" म्हणत होत्या. मी खुर्चीत जरा पुढं सरकून बसले. मला माहीत होतं आता कोणता प्रश्न येणार.

"पण सुमित्राबाई," अहिल्याबाईंनी विचारलंच, "एवढ्या परक्या देशात हे सगळं जमवलं कुणी?"

"वॉल्टर म्हणून एक गृहस्थ आहेत," आई म्हणाल्या. "फार जाणता माणूस. त्यांनी नेलं सगळीकडे."

"आणि शोभना?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

"होती ना," त्या म्हणाल्या. "मागच्या गाडीत होती."